गच्चीवरचा उलटा रेडिएटर

थंड हवामानाच्या देशांत जुन्या घरांच्या खिडकीखाली ओतीव लोखंडाचा एक कंगोरेदार सांगाडा उभा असतो. त्याला रेडिएटर म्हणतात. बॉयलरमध्ये तापलेले पाणी एका नळातून त्यात शिरते, खोलीला उष्णता देते आणि थंड होऊन दुसऱ्या नळातून परत जाते. १८५५ ते १८५७ च्या सुमारास रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे फ्रांझ सान गाली या उद्योजकाने असा रेडिएटर तयार केला, असे मानले जाते. पुढे युरोप-अमेरिकेतील लाखो घरांत तो बसला.

काही वर्षांनी या सांगाड्याचा रंग उडतो आणि गंजाचे डाग दिसू लागतात. मग तो काढून, खरवडून पुन्हा रंगवावा लागतो. हे काम करणाऱ्यांच्या एक गोष्ट लवकरच लक्षात येते. रंग देणे सोपे असते; खरी काळजी घ्यावी लागते ती नळांची. इतकी वर्षे ज्या नळांची टोके त्या जड सांगाड्याशी जखडलेली होती, ती आता मोकळी होतात. नळ खाली झुकतात, जमिनीखालचे सांधे पिळवटतात, आणि रंगवलेला रेडिएटर जागेवर आणला की नळांची तोंडे त्याच्याशी जुळत नाहीत.

आपल्याला याचे काय? छत्रपती संभाजीनगरमध्ये (पूर्वीचे औरंगाबाद) डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते, पण त्यासाठी कोणी घरात रेडिएटर बसवत नाही. तरीही या शहरातील हजारो घरांत एक रेडिएटर आहे. तो खोलीत नसून गच्चीवर आहे आणि त्याचे काम नेमके उलटे आहे. त्याचे नाव सौर बंब.

एकच यंत्र, दोन दिशा

सौर बंबाचे सपाट पॅनेल आठवा. काचेखाली काळा पत्रा, पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक उभ्या नळ्या, आणि या नळ्यांना वर व खाली जोडणारा प्रत्येकी एक आडवा जाड नळ. त्यावरची काच काढली, तर उरतो तो रेडिएटरच! रेडिएटर पाण्यातील उष्णता खोलीला देतो, तर पॅनेल उन्हातील उष्णता पाण्याला देते. दोघांनाही दोनच नळ लागतात, एक गरम पाण्याचा आणि एक गार पाण्याचा. दोघांनाही पृष्ठभाग मोठा लागतो. आणि दोघांनाही कधी ना कधी जागेवरून काढावे लागते.

आपल्या शहरात तो प्रसंग अनेक कारणांनी येतो. गच्चीला गळती लागते आणि नवा कोबा किंवा वॉटरप्रूफिंग करायचे ठरते. लोखंडी स्टँड गंजतो. पॅनेलच्या काचेखाली पाणी शिरून काळा थर उडतो. सगळ्यात मोठे कारण म्हणजे पाण्यातील क्षार. शहराला पैठणजवळच्या नाथसागर जलाशयातून पाणी मिळते, पण गेली अनेक वर्षे ते काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. त्यामुळे घरोघरी बोअरचे पाणीही टाकीत मिसळले जाते. बेसॉल्ट खडकातून आलेले हे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर विघटन पावते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेटचे पुट नळ्यांच्या आत चढते. चहाच्या पातेल्यात दिसणारा पांढरा थर तोच. नळी आतून अरुंद होते आणि एके दिवशी ऊन कडक असूनही पाणी कोमट येते.

पॅनेल काढण्याआधी ते चालते कसे, हे समजून घेऊ. त्याशिवाय नळांच्या आधाराला एवढे महत्त्व का, हे कळणार नाही.

पंधरा मिलिमीटरची ताकद

घरगुती सौर बंबात पाणी फिरवायला पंप नसतो. पॅनेलमधील पाणी तापले की प्रसरण पावते, हलके होते आणि वर चढून टाकीत जाते. त्याची जागा घ्यायला टाकीच्या तळाचे गार पाणी खालच्या नळाने पॅनेलमध्ये उतरते. अभिसरणाचे हे चक्र ऊन असेपर्यंत चालू राहते. म्हणूनच टाकी नेहमी पॅनेलपेक्षा उंचावर असते.

या चक्राची ताकद किती, ते मोजता येते. २० अंशांच्या एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान सुमारे ९९८ किलोग्रॅम असते आणि ६० अंशांच्या पाण्याचे सुमारे ९८३ किलोग्रॅम. फरक १५ किलोग्रॅमचा. समजा, गरम आणि गार पाण्याचे दोन स्तंभ एकेक मीटर उंच आहेत. त्यांच्या तळाशी दाबाचा जो फरक पडेल, तो केवळ १५ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असेल. जेमतेम बोटाच्या जाडीएवढा! गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्याच्या नळाला येणारा दाब १० मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा धरला, तर तो याच्या सहाशे-सातशे पट आहे.

आता नळ कुठेतरी वाकला आणि त्याला उंटाच्या पाठीसारखा उंचवटा आला, असे समजू. पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. हे बुडबुडे नळाने वर सरकत टाकीत गेले आणि तेथून हवेच्या उभ्या नळीवाटे बाहेर पडले, तर बिघडत नाही. पण वाटेत उंचवटा असला की हवा तेथे अडकते आणि नळात बूच मारल्यासारखे होते. हे हवेचे बूच ढकलून पुढे जायचे, तर बुचाच्या उंचीएवढा जादा दाब हवा. बूच दोन सेंटिमीटर उंचीचे असले, तर १५ मिलिमीटरची ताकद अपुरी पडते आणि चक्र थांबते. पॅनेल उन्हात तापत राहते, टाकीतले पाणी मात्र गारच राहते.

यावरून नियम सरळ निघतो. गरम नळ पॅनेलपासून टाकीपर्यंत सलग चढता हवा. दर मीटरला निदान एक-दोन सेंटिमीटर चढ हवा. गार नळ टाकीपासून पॅनेलपर्यंत सलग उतरता हवा. मध्ये कोठेही झोळ नको की उंचवटा नको. झोळ पडला की त्याच्या अलीकडचे टोक आपोआपच उंचवटा बनते, हे विसरून चालणार नाही. म्हणजे नळाचा आधार केवळ नळ पडू नये म्हणून नसतो. पाणी फिरते की नाही, हे त्याच्यावर ठरते.

पंचक्कीच्या बाबतीत मात्र परिस्थिती निराळी होती. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे याच शहराला, नहरींतून पाणी आणले. पंचक्कीलाही अशाच नहरीचे पाणी मातीच्या नळांतून येते आणि उंच भिंतीवर चढून हौदात कोसळते. तेथे पाणी चढते ते उगमाच्या उंचीमुळे. एवढा दाब पाठीशी असला की बारीकसारीक अडथळे पाणी सहज ओलांडते. शिवाय जमिनीखालून गेलेल्या त्या नळांना मातीचा व बांधकामाचा आधार होता. गच्चीवरच्या नळाला यापैकी काहीच लाभलेले नाही. दाब बोटभर आणि आधार आपण देऊ तेवढाच.

मोकळा नळ किती भार सोसतो?

पॅनेल स्टँडवर बसलेले असते. नळाचे एक टोक टाकीच्या सांध्यात आणि दुसरे पॅनेलच्या सांध्यात अडकवलेले असते. पॅनेल काढले की नळ एका टोकाला जखडलेला आणि दुसऱ्या टोकाला अधांतरी राहतो. २५ मिलिमीटरचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ दर मीटरला सुमारे अडीच किलो भरतो आणि त्यात अर्ध्या किलोहून थोडे अधिक पाणी मावते. म्हणजे दोन मीटर लांबीच्या भरलेल्या नळाचे वजन सहा किलो. हे सगळे वजन मध्यावर, म्हणजे सांध्यापासून एक मीटरवर आहे असे मानले, तर सांध्यावर सुमारे ६० न्यूटन-मीटर एवढे आघूर्ण पडते. एक फूट लांबीचा पाना सांध्याला लावून त्याच्या टोकावर २० किलो वजन टांगावे, तेवढे हे झाले.

नवा सांधा हे सहन करील. जुना करील का? नळाला आटे पाडताना धातूचा बराचसा भाग कापला जातो, म्हणून आट्यांपाशी नळाची भिंत सर्वांत पातळ असते. जस्ताचे कवचही तेथेच निघून जाते. त्यात तांब्याचे पॅनेल आणि लोखंडी नळ थेट जोडलेले असले, तर पाण्यामुळे तेथे एक विद्युत-घट तयार होतो आणि दोहोंपैकी अधिक क्रियाशील असलेले लोखंड झिजत जाते. म्हणजे नळ नेमका जेथे सर्वांत कमजोर असतो, तेथेच आपण त्याला लोंबकळत ठेवतो. दहा वर्षांचा नळ पॅनेल काढताना सांध्यापाशी मोडला, तर दोष पाना चालवणाऱ्याचा असेलच असे नाही. बहुतेक वेळा चूक असते ती टेकू न देण्याची.

टेकूंमधील अंतराचेही गणित आहे. स्वतःच्या वजनाने नळ किती झुकतो, हे त्याच्या आधाराविना असलेल्या लांबीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. लांबी दुप्पट झाली तर झोळ सोळापट वाढतो. उलट मध्ये एकच टेकू देऊन अंतर निम्मे केले, तर झोळ सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून दर मीटर-दीड मीटरवर साधासा आधार हा दूर अंतरावरच्या भक्कम आधारापेक्षा चांगला.

आधार द्यायचा, पण नळ आवळायचा मात्र नाही. थंडीच्या पहाटे १५ अंशांवर असलेला गरम पाण्याचा नळ दुपारी ७५ अंशांवर जातो. सहा मीटरचा लोखंडी नळ यामुळे सुमारे ४ मिलिमीटर वाढतो, तांब्याचा ६ मिलिमीटर, तर अलीकडे सर्रास वापरला जाणारा सीपीव्हीसीचा नळ २० मिलिमीटरहून अधिक. नळ क्लॅम्पमध्ये घट्ट आवळला, तर वाढायला जागा न मिळाल्याने तो कमानीसारखा वाकतो किंवा सांध्यावर जोर देतो. सीपीव्हीसी गरम झाल्यावर नरमही पडतो, म्हणून त्याला टेकू अधिक जवळजवळ लागतात. क्लॅम्प सैल हवा. त्याने नळ तोलून धरावा आणि त्याला सरकूही द्यावे.

काढण्याचा क्रम

हे काम प्लंबरकडूनच करून घ्यावे. तरीही क्रम माहीत असला की देखरेख करता येते.

एक. काम सूर्योदयापूर्वी किंवा ढगाळ दिवशी करावे. निदान आदल्या संध्याकाळी पॅनेल जाड कापडाने झाकावे. पाणी नसलेले पॅनेल भर उन्हात १५० अंशांच्याही वर तापू शकते. अशा पॅनेलमध्ये गार पाणी सोडणे धोक्याचे असते. काचेच्या पोकळ नळ्यांचे सौर बंब असतील तर नळी तत्काळ तडकते.

दोन. टाकीत विजेचा हीटर असेल तर त्याचा पुरवठा आधी बंद करावा. मग गार पाण्याची तोटी बंद करावी आणि गरम पाणी जपून काढून टाकावे. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलोचे ओझे. ती भरलेली असताना स्टँडला हात लावू नये.

तीन. सांधा सैल करण्याआधी नळांना टेकू द्यावेत. विटांचा थर आणि त्यावर लाकडी ठोकळा एवढे पुरते. प्रत्येक टेकूपाशी नळाची गच्चीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवावी. नळ परत त्याच चढावर येण्याची हमी याच आकड्यांत असते.

चार. युनियन उघडताना दोन पाने वापरावेत. एका पान्याने नळ धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर पीळ थेट तांब्याच्या नळापर्यंत पोहोचतो आणि आतील डाग उकलतो.

पाच. पॅनेल उचलायला दोन माणसे हवीत. दोन चौरस मीटरच्या पॅनेलचे वजन साधारण ३५ ते ४० किलो असते, आणि गच्चीवरचा वारा त्याला शिडासारखे ढकलतो.

रंग कोणता द्यावा?

रंगाच्या बाबतीत मात्र रेडिएटर आणि पॅनेल यांच्या वाटा वेगळ्या होतात.

रेडिएटरला पांढरा रंग दिला तरी चालतो, कारण ५०-६० अंशांचा पृष्ठभाग उष्णता फेकतो ती अवरक्त प्रारणाच्या रूपात, आणि अवरक्ताच्या दृष्टीने साधा पांढरा तैलरंग जवळजवळ काळ्याइतकाच 'काळा' असतो. त्याची उत्सर्जनक्षमता ०.९ च्या आसपास असते. अॅल्युमिनियमचा चंदेरी रंग दिला तर मात्र ती बरीच घटते. अर्थात नाव रेडिएटर असले तरी त्याची पुष्कळशी उष्णता हवेच्या अभिसरणानेच खोलीत पसरते.

सौर पॅनेलला उन्हातले दृश्य प्रारण शोषायचे असते आणि स्वतःचे अवरक्त प्रारण मात्र बाहेर जाऊ द्यायचे नसते. यासाठी पत्र्यावर काळ्या क्रोमसारखा विशेष थर दिलेला असतो. तो सुमारे ९५ टक्के ऊन शोषतो, पण त्याची उत्सर्जनक्षमता फक्त ०.१ च्या आसपास असते. हा थर फिका पडलेला दिसला की घरमालकाला वाटते, काच काढून काळ्या रंगाचा हात मारून घ्यावा. साधा काळा रंग ऊन तेवढेच शोषतो, पण उष्णता फेकतोही भरपूर. पत्रा ७० अंशांवर आणि काच ३५ अंशांवर आहे असे धरले, तर साधा काळा रंग दर चौरस मीटरला प्रारणाने सुमारे २२० वॅट गमावतो आणि विशेष थर केवळ ३० वॅटच्या आत. भर दुपारी त्या चौरस मीटरवर हजारएक वॅट ऊन पडते, हे लक्षात घेतले म्हणजे तोटा किती मोठा आहे ते कळेल. म्हणून शोषक पत्रा घरी रंगवू नये. थर गेला असेल तर पत्राच बदलून घ्यावा. काच मात्र दर आठवड्याला पुसावी. मराठवाड्याच्या धुळीत एवढ्यानेही फरक पडतो.

घरी रंगवायचा असतो तो लोखंडी स्टँड. गंज तारेच्या ब्रशने खरवडावा, पॉलिश पेपर मारावा, रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि वाळल्यावर तैलरंगाचे दोन हात. येथे एक सावधगिरी हवी. पूर्वी रंगांत शिशाची संयुगे सर्रास असत. लोखंडाला अस्तर म्हणून लावला जाणारा लाल शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगांवर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीचा थर स्टँडवर असो की परदेशातल्या जुन्या रेडिएटरवर, तो कोरडा घासू नये. पाण्याने ओला करून खरवडावा, भुगा गोळा करून बंद पिशवीत टाकावा आणि लहान मुलांना गच्चीवर येऊ देऊ नये. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते.

पुन्हा बसवताना

पॅनेल परत बसवताना नळाचे तोंड आणि पॅनेलचे तोंड यांत थोडे अंतर राहिलेले दिसते. युनियनचा नट आवळून ते ओढून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. असा ओढलेला सांधा कायम ताणाखाली राहतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात ठिबकू लागतो. टेकू वर-खाली करून किंवा छोटा निपल घालून तोंडे जुळवावीत. तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये पितळेचा जोड घालावा. चढ-उतार पाहायला गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी पुरते. शेवटी टाकीवरची हवेची उभी नळी मोकळी आहे ना, हे पाहावे. २०० लिटर पाणी १५ अंशांवरून ६५ अंशांवर गेले की त्याचे आकारमान जवळजवळ चार लिटरने वाढते. या वाढलेल्या पाण्याला आणि हवेला बाहेरची वाट नसेल, तर टाकीच फुगते किंवा फाटते. नळीतून पाणी ठिबकते म्हणून तिला बूच मारणे हा सौर बंबाच्या बाबतीतला सर्वांत धोकादायक उपाय होय.

वर्गात करण्यासाठी

१. सारख्या आकाराचे दोन पत्र्याचे डबे घ्या. एकाला बाहेरून साधा तैलरंग आणि दुसऱ्याला अॅल्युमिनियमचा चंदेरी रंग द्या. दोन्हींत ७० अंशांचे सारखे पाणी ओतून झाकणे लावा आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. आलेख काढा. तैलरंगाचा रंग बदलून पाहा. पांढऱ्या आणि काळ्या डब्यांत फरक पडतो का?

२. प्लॅस्टिकच्या बाटलीला वर आणि खाली अशी दोन भोके पाडून लेव्हलच्या नळीची दोन टोके पक्की बसवा. बाटलीत वरच्या भोकाच्याही वर येईल इतके पाणी भरा आणि नळीतील सर्व हवा काढून टाका. नळीचा खालचा झोळ गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवा. खालच्या भोकापाशी शाईचा थेंब सोडून प्रवाह पाहा. आता वर चढणारी बाजू बोटाने उचलून तिला उंचवटा द्या आणि त्यात हवेचा मोठा बुडबुडा अडकवा. शाई कोठे थांबते?

३. प्लॅस्टिकची लवचीक लांब पट्टी टेबलाच्या कडेबाहेर आधी २० आणि मग ४० सेंटिमीटर काढा व दोन्ही वेळा टोक किती खाली आले ते मोजा. लांबी दुप्पट केल्यावर झोळ किती पट वाढला? उत्तर सोळाच्या जवळ आले की गच्चीवर जा आणि आपल्या शाळेच्या किंवा घराच्या नळांचे टेकू मोजा. जेथे ते दोन मीटरहून दूर असतील, तेथे मध्ये एक विटांचा टेकू द्या.